एका पांगुळपणाचा इतिहास

इ. स. १८६१ मध्यें लंडन येथील प्रसूतिवैद्यांच्या मंडळापुढें डॉ. विल्यम जॉन लिटल यांनीं एक निबंध वाचला. लिटल हे स्वतः प्रसूतिवैद्य नव्हते. अस्थिव्यंगांवर उपचार करणारे वैद्य होते. बालपणीं झालेल्या आजारानें त्यांचा एक पाय वांकडा झाला होता. तरुणपणीं हॅनोव्हर येथील श्ट्रोमायर या शल्यवैद्याकडून त्यांनीं तो नीट करून घेतला आणि तीच विद्या आत्मसात करून ते मायदेशीं परतले. पांगळ्या मुलाकडे पाहण्याची जी दृष्टि अशा मनुष्यास लाभते, ती केवळ ग्रंथवाचनानें लाभत नाहीं.

त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें: जन्मतां गुदमरलेलें मूल एक तर दगावतें किंवा पूर्ण बरें होतें, अशी वैद्यांची समजूत आहे, परंतु तिसराही एक परिणाम संभवतो. मूल वांचतें, वाढतें, पण त्याचे हातपाय ताठ होतात, मांड्या एकमेकींस चिकटतात आणि टांचा जमिनीस लागत नाहींत. कष्टाची प्रसूति, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मवेळीं श्वास कोंडणें यांच्याशीं त्यांनीं ह्या ताठरपणाचा संबंध जोडला. दाखला म्हणून शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्ड राजासही त्यांनीं साक्षीस बोलाविलें. पुढें २०१२ सालीं लेस्टर येथें त्या राजाचा सांगाडा सांपडला, तेव्हां कणा वांकडा असल्याचें दिसलें. पण कवीनें वर्णिलेल्या वाळल्या हाताचा पुरावा आढळला नाहीं. कवीची साक्ष टिकली नाहीं. वैद्याचें निरीक्षण मात्र टिकलें. पुष्कळ वर्षें ही व्याधि ‘लिटलचा रोग’ म्हणूनच ओळखली जात होती. आज तिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, असें म्हणतात.

लिटलच्या पूर्वीं ह्या मुलांकडे कोणी पाहिलेंच नव्हतें, असें मात्र समजूं नये. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत निपचित जन्मलेल्या बाळाच्या कानापाशीं दोन दगड एकमेकांवर आपटावे आणि तोंडावर पाणी शिंपडावें, असें सांगितलें आहे. काश्यपसंहिता तर बालरोगांचाच ग्रंथ. तिची हस्तलिखित प्रत नेपाळांत मिळाली व १९३८ सालीं ती छापून प्रसिद्ध झाली. वर्षाचें होऊनही जें मूल पायांनीं चालत नाहीं, त्यास ह्या ग्रंथांत ‘फक्क’ अशी संज्ञा दिली असून दुधापासून, गर्भापासून व अन्य व्याधीपासून असे त्याचे तीन प्रकार केले आहेत. फक्क म्हणजेच मेंदूचा पक्षाघात, असें म्हणणें धाडसाचें होईल. कुपोषणानें खंगलेलीं मुलेंही त्यांत निश्चित आहेत. परंतु कांहीं मुलांचा पांगुळपणा गर्भांतच सुरू होतो, ही जाणीव त्या वर्गीकरणांत आहे. शिवाय अशा मुलास चालावयास शिकविण्यासाठीं तीन चाकांचा लांकडी रथ करावा, असेंही तेथें सांगितलें आहे. आपल्या घरोघरचा पांगुळगाडा पाहिला, कीं त्या रथाची आठवण होते. शास्त्र ग्रंथांत लुप्त झालें, तरी गाडा व त्याचें नांव भाषेंत राहिलें.

लोकांत मात्र शास्त्राची जागा सटवाईच्या लेखानें आणि ग्रहणानें घेतली. गर्भार बाईनें ग्रहणांत विळी हातीं धरली, म्हणून मूल असें झालें, हा निवाडा गांवोगांव ऐकूं येतो. ह्या निवाड्यांत आरोपी नेहमीं एकच असते. ती म्हणजे आई. आणि येथेंच ह्या व्याधीचा इतिहास केवळ वैद्यांचा न राहतां आपणां सर्वांचा होतो. कारण ‘हें कशानें झालें?’ ह्या प्रश्नाचें उत्तर शास्त्रानें जसजसें बदललें, तसतसें दोषाचें ओझें एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर गेलें.

लिटलनें तें ओझें प्रसूतीच्या घटकेवर ठेविलें. १८८९ सालीं विल्यम ऑस्लर यांनीं १५१ रुग्णांची हकीकत एका पुस्तकांत दिली. शरीराची एक बाजू, दोन्ही बाजू, कीं विशेषतः पाय, अशी आजची विभागणी तेथें दिसूं लागते. त्यानंतर आला सिग्मंड फ्रॉइड. स्वप्नांचा अर्थ लावणारा म्हणून जग त्यास ओळखतें, परंतु तत्पूर्वीं तो मज्जातंतूंच्या रोगांचा वैद्य होता आणि १८९७ सालीं बालकांच्या ह्याच पक्षाघातावर त्यानें मोठा ग्रंथ लिहिला. त्यानें लिटलच्या सिद्धान्तावर एक मार्मिक शंका घेतली. कष्टाची प्रसूति हें कारण कशावरून? गर्भांतच कांहीं बिघडलें असल्यामुळें प्रसूति कष्टाची झाली असेल, तर ती कारण नसून स्वतःच परिणाम ठरते. सुमारें नव्वद वर्षें ही शंका बाजूस पडून राहिली. १९८६ सालीं नेल्सन व एलेनबर्ग यांनीं अमेरिकेंतील हजारों गर्भवतींच्या व त्यांच्या मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां असें दिसलें कीं, बहुसंख्य मुलांच्या बाबतींत जन्मवेळचें गुदमरणें हें कारण नव्हतेंच. अपुऱ्या दिवसांचा जन्म, गर्भावस्थेंतील संसर्ग, मेंदूच्या घडणींतील दोष, अशीं अनेक कारणें आज मानलीं जातात. आपल्या देशांत बाळ गुदमरणें, तीव्र कावीळ आणि मेंदूज्वर हीं टाळतां येण्याजोगीं कारणें अजून पुष्कळ आढळतात, हेंही येथें सांगितलें पाहिजे. पण ग्रहण व विळी हीं कोणत्याच यादींत नाहींत.

टाळतां येण्याजोगें म्हणजे काय, याचें उत्तम उदाहरण काविळीचें आहे. जन्मानंतर कावीळ फार वाढली, तर तिचा अंश मेंदूंत शिरतो आणि मुलाचे हातपाय आपोआप वळवळूं लागतात; श्रवणही जातें. इंग्लंडांतील रॉचफर्ड येथील रुग्णालयांत एका परिचारिकेच्या ध्यानांत आलें कीं, उन्हांत ठेविलेल्या बाळाचा पिवळेपणा, जेथें ऊन लागलें तेथें उतरला आहे. त्या निरीक्षणावरून निघालेली प्रकाशोपचाराची रीति १९५८ सालीं प्रसिद्ध झाली आणि आज ती तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोंचली आहे. एका डोळस बाईच्या निरीक्षणानें असंख्य मुलांचें भविष्य पालटलें.

आतां लक्षणांकडे वळूं. गर्भांत, जन्मवेळीं किंवा शैशवांत, म्हणजे मेंदू घडत असतां, त्यास झालेल्या इजेमुळें हालचाल व तोल यांत येणारें कायमचें वैगुण्य, ही ह्या व्याधीची व्याख्या होय. इजा वाढत नाहीं. मूल वाढतें, म्हणून तिचें रूप पालटत जातें. सामान्यतः मूल चवथ्या महिन्यापर्यंत मान धरतें, नवव्यापर्यंत आधाराशिवाय बसतें, दीड वर्षापर्यंत चालतें. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे महिने मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. चार महिने उलटूनही मुठी मिटलेल्याच राहणें, दूध ओढतांना वारंवार ठसका लागणें, लंगोट बांधतांना मांड्या न फांकणें, उभें धरतांच पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढणें, हीं चिन्हें दिसल्यास थांबूं नये. कांहीं मुलें ताठ नसतात. उलट चिंधीसारखीं लुळीं असतात. वर्ष पुरें होण्यापूर्वींच जें मूल एकच हात वापरतें, त्याचें ‘डावखुरें’ म्हणून कौतुक होतें. वस्तुतः दुसऱ्या हाताकडे पाहावयास हवें. आणि शिकलेली गोष्ट मूल विसरूं लागलें, तर ती ही व्याधि नव्हे. दुसरा रोग शोधावा.

हीं चिन्हें ओळखण्यासाठीं वैद्यास जें पहिलें साधन लागतें, त्यास वैद्यकांतही इतिहासच म्हणतात. बाळ जन्मतांच रडलें काय? किती दिवसांचें जन्मलें? कावीळ झाली होती काय? झटके आले काय? भाऊबहिणी ह्या वयांत काय करीत? व्हर्जिनिया ॲपगर यांनीं १९५३ सालीं रंग, नाडी, श्वास, स्नायूंचा ताण व प्रतिसाद या पांच गोष्टींना गुण देण्याची पद्धति प्रसिद्ध केली, तेव्हांपासून ह्या इतिहासाचें पहिलें पान लेखी झालें. परंतु उरलेलीं पानें आईच्या स्मरणांतच असतात. तिच्या बोलण्यास आड येणारा वैद्य आपल्याच हातानें पुरावा नष्ट करतो.

हें सारें बीड जिल्ह्यांतील युसूफ वडगांवासारख्या गांवीं नेऊन पाहावें, म्हणजे प्रश्नाचें खरें रूप दिसतें. केज तालुक्यांतील हें गांव. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत जवळच्या अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय झालें. तेव्हां विद्या दाराशीं आली. पण ह्या तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें वर्षाचे पांच-सहा महिने दारांत नसतातच. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल फेडण्यासाठीं नवराबायको मिळून एक ‘कोयता’ होऊन ऊसतोडीस जातात आणि पाडव्याच्या आगेमागें परततात. आतां हिशेब करावा. आषाढांत जन्मलेलें मूल निघतांना चार महिन्यांचें असतें आणि परततांना नऊ महिन्यांचें. म्हणजे मान धरण्यापासून बसण्यापर्यंतचा सारा काळ उसाच्या फडावर, कोपीच्या सावलींत जातो. लसीकरणाच्या वेळापत्रकांतही चौदाव्या आठवड्यानंतर नवव्या महिन्यापर्यंत खंड आहे. २०१८ पासून आशा कार्यकर्तीनें सहाव्या महिन्यांत घरीं येऊन बाळ पाहावें अशी योजना आहे. पण घराला कुलूप असतें.

आणि हाच काळ सर्वांत मोलाचा. प्रेख्टल नांवाच्या वैद्यानें दाखवून दिलें कीं, तीन ते पांच महिन्यांचें बाळ निजून स्वस्थ असतां ज्या बारीक हालचाली सहज करतें, त्या नसल्या, तर व्याधीचा अंदाज तेव्हांच करतां येतो. सहा महिन्यांच्या आंत निदान होऊं शकतें, असा निर्वाळा २०१७ सालीं तज्ज्ञांनीं दिला. मेंदू कोंवळा आहे तोंवर व्यायाम, खेळ व योग्य बैठक यांचा उपयोग अधिक. सांधे आखडल्यावर तोच श्रम दुप्पट पडतो. बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ सालीं पालघरहून, म्हणजे महाराष्ट्रांतूनच, सुरू झाला. कारखान्याच्या गांवीं आणि फडावर त्याची गांठ ह्या मुलांशीं पडली पाहिजे. बाळाच्या जन्माची नोंद आईच्या पिशवींतून बाळाबरोबर प्रवास करूं लागली पाहिजे.

मुलास बुद्धि नाहीं, मग खटाटोप कशाला, असें कोणी म्हणेल. हा समज सर्वांत घातक. मालिनी चिब यांस हीच व्याधि. बोलणें अस्पष्ट, हालचाल दुष्कर. त्यांच्या मातोश्री मिठू अलूर यांनीं १९७२ सालीं मुंबईंत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. मालिनीबाईंनीं पुढें उच्च पदव्या मिळविल्या आणि एका बोटानें टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिलें. त्याच्या नांवांतही तें बोट आहे. प्रत्येक मुलाची बुद्धि अशी असेल, असें नव्हे. कित्येकांस बौद्धिक मंदत्व व अपस्मार असतोच. परंतु अस्पष्ट बोलण्यावरून बुद्धि मोजणें, हा न्याय नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें ह्या व्याधीस स्पष्ट नांवानें स्थान दिलें आहे. शिक्षणाचा हक्क म्हणजे कोणाची मेहरबानी नव्हे.

ह्या साऱ्या इतिहासाचा मथितार्थ काढावयाचा, तर तो असा: ज्यांनीं मुलाकडे नीट पाहिलें आणि आईचें ऐकलें, त्यांच्यामुळें ज्ञान पुढें गेलें, ज्यांनीं दोषी आधीं ठरविला, त्यांच्यामुळें तें थांबलें. ‘माझें बाळ इतरांसारखें मान धरीत नाहीं’ हें वाक्य कोणी आई फडावर उच्चारील, तेव्हां तें ऐकून घेणारा कोणी तरी तेथें असला पाहिजे.