समुद्रापूर्वीचे कोकण

सुट्टी लागली की मुंबई-पुण्याकडील कुटुंबांची पावले कोकणाकडे वळतात. आणि कोकण म्हणजे समुद्र, हे मनात पक्के बसलेले असल्यामुळे अलिबाग, काशीद, मुरुड यांवाचून दुसरे नाव बहुधा कोणास सुचत नाही. त्याच रायगड जिल्ह्यात (१९८१ पर्यंत यास कुलाबा म्हणत) कर्जत व खालापूर हे दोन तालुके असे आहेत की, हवा कोकणची, भात कोकणचा, पाऊस कोकणचा. समुद्र तेवढा नाही. म्हणून हा मुलूख गाडीच्या खिडकीतून पाहावा व पुढे जावे, असा रिवाज पडला आहे. तो रिवाज एकदा तरी मोडावा, असे आम्ही आमच्या वाचकांस सुचवितो. दोन हजार वर्षे सगळे येथून गेले. पण जाणाऱ्या प्रत्येकाने येथे काही ना काही मागे ठेवले आहे.

आरंभ कोंडाण्याच्या लेण्यांपासून करावा. कर्जतहून कोंडिवडे गावापर्यंत वाहनाने जावे व पुढे रानातील पायवाटेने चढावे, म्हणजे राजमाचीच्या पायथ्याशी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचे बौद्ध चैत्यगृह व विहार दिसतात. दगडात कोरलेले असूनही त्यांची घडण लाकूडकामाची आहे. सुताराचे कसब पाथरवटाने उचलल्याचा हा पुरावाच होय. चैत्याच्या दर्शनी बाजूस एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत लहानसा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडून घाटमाथ्याकडे माल नेणाऱ्या तांड्यांच्या वाटेवर ही लेणी खोदली गेली. त्या काळच्या कारागिरांपैकी फार थोड्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत. बलकाचे नाव त्यांपैकी एक.

घाट उतरणाऱ्याची गाठ केवळ भिक्षूंशीच पडे असे नाही. खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळची उंबरखिंड पाहिली म्हणजे भूगोल हाच सेनापती कसा होतो ते उमगते. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शाएस्तेखानाचा सरदार कारतलबखान मोठी फौज घेऊन कोकणात उतरत असता शिवाजी महाराजांनी त्यास या अरुंद, दाट रानाच्या खिंडीत कोंडले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. अखेर त्याच्याबरोबर असलेल्या रायबागन या शूर स्त्रीच्या सल्ल्याने खान शरण आला व सामानसुमान टाकून जीव वाचवून परतला. खिंडीत उभे राहून दोन्ही बाजूंच्या डोंगरांकडे पाहिल्यावर मुलांस ही लढाई शिकवावी लागत नाही.

पेशवाईत हीच वाट पुण्याहून पनवेलच्या बंदराकडे जाई. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीस नाना फडणविसांनी बांधविलेला तलाव व महादेवाचे देऊळ आजही आहे. थकलेल्या वाटसरूस पाणी मिळावे यापरते मोठे लोकोपयोगी काम त्या काळी कोणते असणार? जवळच महड येथे अष्टविनायकांपैकी वरदविनायकाचे स्थान आहे, ते कुटुंबासह जाणारांनी चुकवू नये.

पुढे आगगाडी आली. १८५६ मध्ये ती खोपोलीपर्यंत पोहोचली, पण समोर घाट उभा होता. उतारूंस तेथे गाडी सोडून पालखीत किंवा तट्टावर बसून खंडाळा गाठावा लागे. सुमारे १६ मैलांत १८०० फुटांवर चढणारा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्या कामावर एका वेळी चाळीस हजारांवर मजूर खपत होते, आणि पटकीने व अपघातांनी त्यांतील कित्येक दगावले. बलकाने आपले नाव तरी कोरून ठेवले. या मजुरांचे बोगदे आहेत, नावे नाहीत.

१९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली व १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावर अडविलेले पाणी, जे एरवी पूर्वेकडे वाहिले असते, ते नळांतून खाली सोडून चाके फिरवावयाची, अशी ही योजना. म्हणूनच पाताळगंगा व उल्हास भर उन्हाळ्यातही वाहत्या राहतात. वीज मात्र डोक्यावरून मुंबईस गेली. १९४२ च्या लढ्यात माथेरानचे वकील भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने त्या विजेचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी शेजारच्या मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांस वीरमरण आले. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट याने लौकिकास आणलेल्या आणि १९०७ पासून नेरळहून छोट्या गाडीने जोडलेल्या माथेरानात जाणाराने केवळ थंड हवा खाऊन परतू नये. हे स्मरणही सोबत न्यावे.

तीन दिवस पुरेत: एक कोंडाण्यास, एक खोपोली, महड व उंबरखिंडीस, एक माथेरानास. ऋतू हिवाळ्याचा निवडावा. पावसाळ्यात धबधबे मोह घालतात. परंतु १९ जुलै २०२३ च्या रात्री याच खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती दरडीखाली गेली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत अथवा बेपत्ता झाली, हे विसरता कामा नये. ज्या डोंगरांची शोभा पाहावयास आपण जातो, त्यांच्या कुशीत कोणी पिढ्यान्‌पिढ्या राहत असते. त्यांच्या घरचे जेवण योग्य मोल देऊन घ्यावे, वाटाड्या त्यांच्यातील घ्यावा, पाणवठे स्वच्छ ठेवावेत. येथून जाणारांनी देवळे, तलाव, बोगदे मागे ठेवले. आपण निदान कचरा तरी ठेवू नये.