खानदेशातील गळिताची धान्ये : आकडे आणि श्रम

पेरलेले क्षेत्र, निघालेले उत्पादन आणि दर हेक्टरी उतारा या तीन आकड्यांवरून पिकाची वाढ मोजण्याची चाल आहे. खानदेशातील गळिताच्या धान्यांचा इतिहास या आकड्यांतून वाचता येतो. परंतु पुरता वाचता येत नाही, एवढेच आम्हांस आपणांपुढे मांडावयाचे आहे.

एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे गळिताचे धान्य म्हणजे मुख्यतः तीळ आणि जवस. विसाव्या शतकात भुईमुगाने त्यांना मागे सारले. दाण्यात निम्म्याच्या जवळपास तेल. शिवाय पेंड आणि पाला गुरांना. जळगाव-धुळ्याकडे तेलगिरण्या उभ्या राहिल्या. पारोळ्याला रेल्वे नाही. शेजारच्या अमळनेरला ती आहे. तेथेच १९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. आज जग तिला विप्रो या नावाने ओळखते. ती अमळनेरास आली, कारण शेंग भोवतालच्या शेतांत पिकत होती.

पुढे जळगावच्या संशोधन केंद्राने 'फुले प्रगती' म्हणजे जे. एल. २४ हा भुईमुगाचा वाण दिला. तो तीन महिन्यांच्या आसपास तयार होतो, त्यामुळे पाऊस लवकर उघडला तरी पदरात काही पडते. हा वाण आफ्रिकेत मलावी, झांबियापर्यंत गेला. १९८६ साली केंद्र सरकारने तेलबियांची मोहीम हाती घेतली. देशातील तेलबियांचे उत्पादन १९८५-८६ मध्ये सुमारे १.०८ कोटी टन होते, ते १९९८-९९ मध्ये सुमारे २.४७ कोटी टन झाले. परंतु १९९४ पासून पामतेलाची आयात खुली होत गेली, २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाली, आणि खानदेशातील भुईमुगाचे रान कापूस, मका, सोयाबीन यांकडे वळले.

आता आकड्यांची गंमत पाहा. समजा, १०० हेक्टरांत हेक्टरी ८०० किलो शेंग होत होती. क्षेत्र ५० हेक्टरांवर आले आणि उतारा १,२०० किलो झाला. उत्पादकता दीडपट वाढली. उत्पादन मात्र ८० हजार किलोंवरून ६० हजारांवर उतरले. शिवाय हा उतारा नेहमीच वाणाने वाढतो असे नाही. कोरडवाहू शेतकरी पीक सोडतो, विहिरीवाला उन्हाळी भुईमूग घेतो, आणि सरासरी आपोआप वर चढते. जो बाहेर पडला, त्याची नोंद त्या सरासरीत नसते.

तशीच नोंद मजुराचीही नसते. भुईमूग उपटणे आणि शेंगा तोडणे ही कामे बहुतांशी बायांच्या हातची. पीक महाग पडते ते बियाण्यामुळे, कारण हेक्टरी सुमारे १०० किलो दाणे लागतात; आणि या मजुरीमुळेही. शेतकऱ्याने हिशेब करून पीक बदलले, यात त्याला दोष नाही. पण रान बदलले तेव्हा तोडणीचा हंगाम गेला, आणि फोडणीच्या यंत्रावरचे व घाण्यावरचे काम आटले. कापसाच्या सरकीतून तेल निघते हे खरे. मात्र नऊ तेलबियांच्या सरकारी यादीत सरकी नाही.

आज देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो. डबा स्वस्त मिळावा ही आपणा नगरवासीयांची अपेक्षा रास्त आहे. मात्र क्षेत्र, उत्पादन, उतारा यांच्या शेजारी चौथा रकाना हवा : या पिकावर किती हातांना किती दिवस काम मिळाले आणि काय मजुरी पडली. तो रकाना भरावा, अशी मागणी शेतकरी आणि मजूर यांनी मिळून करावी, असे आमचे सांगणे आहे.