एका ओळीचे आभार

१ मे. नांदुऱ्यात सकाळी नऊलाच ऊन चटके देऊ लागलं होतं. झेंडावंदन झालं, निकालपत्रकं वाटून झाली आणि पोरं कल्ला करत पांगली. विदर्भातल्या शाळा आता थेट जूनच्या अखेरीस उघडतील. रिकाम्या वर्गात बसून मी एक चिठ्ठी लिहायला घेतली. हिवाळ्यात टायफॉइडमुळे मी तीन आठवडे अंथरुणावर होतो. तेव्हा माझे तास शेजारच्या वर्गाच्या आपांनी घेतले, तेही स्वतःचा वर्ग सांभाळून. वार्षिक अहवालात याचा उल्लेख नाही. अशा कामाला तिथं रकानाच नसतो.

लिहिता लिहिता मला १८५६ चं एक पत्र आठवलं.

सावित्रीबाई फुले तेव्हा आजारी पडून माहेरी, सातारा जिल्ह्यातल्या नायगावला, गेल्या होत्या. १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी तिथून जोतीरावांना पत्र लिहिलं. प्रकृती आता सुधारते आहे, भावानं सेवा केली, पूर्ण बरी झाले की पुण्याला येते, असा मजकूर आहे. त्यातच फातिमाचं नाव येतं. तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असं सावित्रीबाई लिहितात. बस्स, एवढंच.

ही फातिमा म्हणजे उस्मान शेख यांची बहीण, असं मानलं जातं. १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. पुढे मुली आणि अस्पृश्य मानलेल्यांना शिकवण्याच्या कामापायी फुले दांपत्याला घर सोडावं लागलं, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, असं चरित्रकार सांगतात. नोव्हेंबर १८५२ मध्ये सरकारनं विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा जाहीर सत्कार केला. तो त्यांचा हक्कच होता. फातिमाच्या वाट्याला आली ती सहकारी शिक्षिकेच्या खासगी पत्रातली एक ओळ.

पण ती ओळ किती कामाची ठरली बघा. जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकारानं जाहीर केलं की, फातिमा शेख नावाची कुणी बाई झालीच नाही, ते पात्र मीच रचलं. मोठा गदारोळ झाला. तेव्हा अभ्यासकांनी जे पुढे ठेवलं, त्यात हे पत्र होतं. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’मध्ये ते आहे, आणि तो ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९८८ मध्येच छापला आहे.

इथं आपल्या लोकांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. अभिमानाच्या भरात आपण फातिमाबींच्या नावावर आधार न देता बरेच तपशील चढवले. त्यानं त्यांची उंची वाढली नाही, उलट शंकेला वाट मिळाली. सावित्रीबाईंनी जे लिहिलं, तेवढं पुरेसं आहे. बरोबरीची बाई आजारी असताना काम अंगावर घेतलं आणि तक्रार केली नाही. शिक्षकी पेशात याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणतं?

जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही मानत नाही, अशा अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. आभार मनात ठेवून चालत नाही. ते बोलावे लागतात आणि जमलं तर लिहूनही ठेवावे लागतात. सावित्रीबाईंनी ती ओळ लिहिली नसती, तर त्या गदारोळात आपण काय दाखवलं असतं?

मी चिठ्ठी आपांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली आणि संकोचून म्हणाल्या, “सर, याची काय गरज होती?”

“असू द्या,” मी म्हणालो. “खाली तारीखही घातली आहे. जपून ठेवा.”