वरचा मजला : कँटनी चहागृह आणि डिम सम

देशान (इ. स. ७८२–८६५) या चिनी भिक्षूची एक कथा झेन परंपरेत सांगितली जाते. ‘वज्रच्छेदिका’ सूत्राचा हा गाढा अभ्यासक त्यावरील टीकाग्रंथांचे ओझे पाठीवर घेऊन वादविवादासाठी दक्षिणेकडे निघाला होता. वाटेत भूक लागली म्हणून फराळाचे पदार्थ विकणाऱ्या एका वृद्धेपाशी तो थांबला. वृद्धेने अट घातली : प्रश्नाचे उत्तर दिलेत तर फराळ फुकट, नाहीतर पुढची वाट धरा. फराळासाठीच्या चिनी शब्दात दोन अक्षरे आहेत. पहिल्याचा अर्थ ‘स्पर्श करणे’ आणि दुसऱ्याचा ‘हृदय’ किंवा ‘चित्त’. भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतील चित्त हाती लागत नाही, असे प्रतिपादन तर सूत्रातच आहे. मग महाराज, आपण यांपैकी कोणत्या चित्ताला स्पर्श करणार, असे तिने विचारले. पंडित निरुत्तर झाला.

ही कथा प्रत्यक्ष घडली की मागाहून रचली गेली, हा प्रश्न येथे गौण आहे. कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी केलेल्या भाषांतरातून संस्कृतातील ‘चित्त’ चिनी भाषेत उतरले आणि पुढे रस्त्यावरच्या खाद्यपदार्थाच्या नावाशी त्याचा श्लेष जुळला, हे महत्त्वाचे. उत्तरेकडील उच्चारात ‘द्यानशिन’ आणि कँटनी बोलीत ‘डिम सम’ असा हा शब्द आज जगभरच्या महागड्या भोजनगृहांच्या पाट्यांवर आढळतो. तो तेथवर कसा पोहोचला, याचा इतिहास पाहू गेल्यास वृद्धेचा प्रश्न निराळ्या अर्थाने पुन्हा उभा राहतो.

कँटनमध्ये मात्र मंडळी डिम सम खायला जात नाहीत. ती ‘याम चा’ला, म्हणजे चहा प्यायला जातात. पदार्थ येतात ते चहाच्या सोबतीला. या शब्दयोजनेत त्या संस्थेचे मूळ दडलेले आहे. आठव्या शतकात लू यू याने चहावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि चहापानाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु चहाच्या पेल्याभोवती लहान लहान पदार्थांचा एवढा मोठा संसार मांडला तो दक्षिणेतील या बंदराने.

१७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्यांचा चीनशी होणारा सागरी व्यापार कँटनपुरताच सीमित होता. येथून चहा, रेशीम आणि चिनी मातीची भांडी बाहेर पडत. मुंबईहून येथे कापूस आणि अफू येई. मुंबईच्या अनेक धर्मादाय संस्थांचे दाते जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) यांची संपत्ती मुख्यतः याच व्यापारातली. जवळचेच मकाव १८४४ पर्यंत गोव्याच्या पोर्तुगीज शासनाच्या कक्षेत होते. मराठीतील ‘चहा’ आणि ‘चिनी माती’ हे शब्दही या संबंधांची आठवण देतात. व्यापाराने कँटनमध्ये धनिक निर्माण केले आणि ओझी वाहणारे हजारो मजूरही आणले.

चहागृहे या दोघांसाठीही उभी राहिली. पण एकाच छपराखाली नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मजुरांसाठी निघालेल्या साध्या दुकानांना, तेथील चहाच्या किमतीवरून, ‘दोन लीची दुकाने’ म्हणत. ली हे अगदी क्षुद्र नाणेमूल्य. लाकडी बाकांवर बसायचे, कडक चहा प्यायचा, पोटाला आधार देणारा एखादा जाडाभरडा पदार्थ खायचा आणि कामाला लागायचे. पुढे मजल्यांची प्रशस्त चहागृहे आली. १८८० मध्ये स्थापन झालेले ताव ताव चू हे त्यांपैकी एक. पैसेवाल्याने वरचा मजला गाठावा आणि कफल्लकाने जमिनीवर उकिडवे बसावे, अशा अर्थाची म्हणच कँटनी बोलीत रूढ झाली. डिम समची ‘उच्चभ्रू’ आवृत्ती ही आपल्या काळाची विकृती आहे असे मानणाऱ्यांनी ही म्हण लक्षात घ्यावी. वरचा मजला प्रथमपासूनच होता.

१९२० आणि १९३० च्या दशकांत या मजल्यांमध्ये चढाओढ लागली. पदार्थांची यादी दर आठवड्याला बदलण्याची प्रथा पडली. कोळंबीच्या सारणाचे, अर्धपारदर्शक पारीचे ‘हार गाव’ याच सुमारास शहरालगतच्या एका खेड्यातून आले, असे परंपरा सांगते. त्याची पारी गव्हाच्या चिकाची. तिला उकडीच्या मोदकासारख्या बारीक कळ्या पाडाव्या लागतात. पारी जाड राहिली तर चिकट लागते आणि फार पातळ झाली तर फाटते. अंड्याच्या गोड सारणाची ‘दान ताट’ ही वाटी तर इंग्रजी पदार्थाचा कँटनी अवतार. चहागृहांत स्त्रिया वाढपाचे काम करू लागल्या तेव्हा पुरुष कामगारांच्या संघटनांनी त्यास विरोध केला. रोजगाराचे प्रश्नही या टेबलांभोवती लढले गेले. १९२७ मध्ये लू शुन येथील विद्यापीठात अध्यापन करीत होता. त्याच्या त्या वर्षाच्या दैनंदिनीत चहागृहांना दिलेल्या भेटींच्या नोंदी आहेत.

१९४९ च्या सत्तांतराच्या आगेमागे अनेक आचारी आणि मालक हाँगकाँगला गेले. लू यूच्या नावाचे चहागृह तेथे १९३३ पासूनच होते. निर्वासितांनी भरलेल्या त्या शहरात घरे खुराड्यांएवढी होती आणि चहागृह हीच अनेक कुटुंबांची बैठकीची खोली झाली. सकाळी म्हातारी माणसे पक्ष्यांचे पिंजरे घेऊन येत, वर्तमानपत्र वाचत, अनोळखी माणसाच्या टेबलावर जागा करून घेत. पूर्वी पदार्थांची तबके गळ्यात अडकवून फिरवीत. पुढे बांबूच्या करंड्यांची चळत घेऊन ढकलगाड्या फिरू लागल्या. किटलीत पाणी हवे असेल तर झाकण तिरके ठेवायचे, चहा ओतणाऱ्याचे आभार मानायला बोटांनी टेबलावर हलकेच ठोकायचे, हे संकेत न शिकवता मुलांच्या अंगवळणी पडत. एका पेल्यावर आणि दोन पदार्थांवर बराच वेळ बसता येई. चहागृह विकत होते ते खरे पाहता वेळ.

याच हाँगकाँगमध्ये एका पंचतारांकित हॉटेलातील लुंग किंग हीन या भोजनगृहाला मिशेलिन मार्गदर्शिकेच्या २००९ च्या आवृत्तीत तीन तारे मिळाले. हा मान मिळवणारे ते पहिले चिनी भोजनगृह. अशा ठिकाणी ढकलगाडी नसते. मागणीनुसार पदार्थ तयार होतो आणि वाफेवरून थेट पुढ्यात येतो. यात ढोंग नाही. गाडीवर थांबलेल्या हार गावची पारी कडक होते, हे कोणताही आचारी सांगेल. पिढ्यान्‌पिढ्या अनाम राहिलेल्या कारागिराच्या हाताला येथे प्रथमच कलावंताची मान्यता मिळाली. पण टेबल आधी राखून ठेवावे लागते, शेजारी अनोळखी माणूस बसत नाही, आणि चहा हा यादीतील आणखी एक पदार्थ होतो.

त्या भोजनगृहात काम केलेले माक क्वाई-पुई यांनी २००९ मध्ये माँगकॉक या दाट वस्तीत टिम हो वान नावाचे चिमुकले दुकान काढले. वरच्या मजल्यावरचे कौशल्य त्यांनी खाली आणले, आणि पुढच्याच मार्गदर्शिकेत त्या दुकानाला एक तारा मिळाला. लोकांनी रस्त्यावर तासन्‌तास रांगा लावल्या. पदार्थ स्वस्त झाला, पण रांग बाहेर वाट पाहत असताना आतला माणूस वर्तमानपत्र उलगडून बसू शकत नाही. किंमत खाली आली तरी वेळ परत मिळाला नाही.

भारतात या इतिहासाचे दोन धागे दिसतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चिनी वस्ती असलेल्या कोलकात्यात, तिरेट्टा बाजारच्या रस्त्यावर, चिनी कुटुंबांनी रविवारी सकाळी वाफवलेले पदार्थ विकण्याची प्रथा जपली. मुंबईत मात्र उंची डिम सम लंडनमार्गे आले : तेथे २००४ मध्ये निघालेल्या याउआचाची शाखा २०११ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात उघडली. ज्या शहराची जहाजे दोनशे वर्षांपूर्वी थेट कँटनच्या नदीत नांगर टाकीत होती, त्याला कँटनचा फराळ तिसऱ्याच शहराच्या हातून मिळावा, हे व्यापाराच्या बदललेल्या वाटांचे चित्र आहे.

हाँगकाँगच्या वेलिंग्टन स्ट्रीटवरचे लिन हेउंग हे जुने चहागृह २०२२ मध्ये बंद पडले, तेव्हा शेवटच्या दिवसांत तेथे गर्दी लोटली. २०२४ मध्ये ते पुन्हा उघडले. त्या गर्दीतील सर्वांनाच उत्तम हार गाव हवे होते असे नाही. त्याहून सरस अन्यत्र मिळत होते. हरवत होती ती अनोळखी माणसाशेजारी पेला घेऊन बसण्याची मुभा. स्पर्श कोणत्या चित्ताला करायचा, हा वृद्धेचा प्रश्न चहागृहाच्या प्रत्येक पिढीपुढे आला. वरच्या मजल्याने जिभेपुरते त्याचे उत्तर चोख दिले आहे. उरलेल्या चित्ताचे उत्तर अजून द्यावयाचे आहे.