धूम, ज्योती आणि मुक्ताईची वीज

शके 1219, म्हणजे इ.स. 1297. वैशाखातला तापीकाठ, मेहूण-कोथळीचा परिसर. वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, असे परंपरा सांगते. नामदेवांच्या नावावरील समाधीपर अभंगांनी तो क्षण कायमचा आपल्या स्मृतीत ठेवला. पुढे एदलाबादचे नावही मुक्ताईनगर झाले. वर्गात हा प्रसंग शिकवताना आम्ही विजेला निमूटपणे रूपकाच्या खात्यात टाकतो. वैशाख हा खानदेशात वळवाचा महिना असतो आणि त्या दिवसांत खरोखरच विजा पडतात, याचा उच्चारही करीत नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने आभाळाकडे आभाळ म्हणून पाहिले, तर काय दिसते?

कालिदासाच्या यक्षाला रामगिरीवर मेघ दिसला. हा रामगिरी म्हणजे विदर्भातले रामटेक, असे वा. वि. मिराशींचे मत. मेघ म्हणजे धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा नुसता समुदाय, असे कवी तिथे म्हणून ठेवतो. यादीत धूर पहिला आहे. 1875 साली कूलिये या फ्रेंच संशोधकाने आणि 1880 च्या सुमारास स्कॉटलंडच्या जॉन एटकेनने दाखवून दिले, की हवेत सूक्ष्म कण नसतील तर वाफेचे धुके होत नाही. म्हणून कालिदासाला हे शास्त्र ठाऊक होते, असा जयघोष करण्याची काही गरज नाही. तो नीट पाहत होता, एवढे पुरे.

एटकेननंतरही बराच काळ ढग हे पाण्याचे भांडे मानले गेले. ती भट्टीही आहे, हे आधी गंधकाच्या बाबतीत कळले. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड थेंबात विरघळतो आणि त्याचे आम्ल होते. सेंद्रिय संयुगांकडे लक्ष जायला मात्र विसावे शतक सरावे लागले. ब्लँडो आणि टर्पिन यांनी 2000 साली, ढगाच्या थेंबांत सेंद्रिय कण घडत असावेत, ही शक्यता साधार मांडली. झाडे आयसोप्रिन नावाचा वायू सोडतात. हवेत त्याचे तुकडे होतात. त्यांतला ग्लायऑक्झलसारखा तुकडा थेंबात विरघळतो आणि तिथे हायड्रॉक्सिल मूलकांच्या माऱ्याने त्याचे ऑक्झॅलिक आम्ल होते. चुक्याच्या भाजीला आंबटपणा आणते, तेच हे आम्ल. बहुतेक ढग न बरसताच विरतात. मग हे अवशेष कणरूपाने हवेत उरतात आणि पुढच्या ढगाचे बीज होतात. ज्या धुरातून मेघ जन्मतो, तो धूर मेघ स्वतःही घडवतो.

हे हायड्रॉक्सिल हवेतला मोठा शुद्धिकर्ता. ते मुख्यतः सूर्यप्रकाशातून निर्माण होते, असा समज होता. 2012 साली अमेरिकेत कोलोरॅडो-ओक्लाहोमाच्या गडगडाटी ढगांतून संशोधक विमानाने फिरले, तेव्हा विल्यम ब्रून यांच्या उपकरणाने त्याचे प्रमाण अफाट दाखवले. उपकरणातच दोष असावा, असे वाटून त्यांनी ते आकडे बाजूला काढले. काही वर्षांनी ते पुन्हा तपासले गेले, प्रयोगशाळेत ठिणग्या पाडून पाहिल्या गेल्या आणि 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : हे विजेचेच काम होते. जगाच्या वातावरणातील हायड्रॉक्सिलच्या शुद्धिकार्यापैकी 2 ते 16 टक्के वाटा विजांचा असू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे.

त्याच 2012 साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने महाबळेश्वरला मेघभौतिकीची प्रयोगशाळा सुरू केली. पावसाळ्यात ती स्वतःच ढगात बुडालेली असते. संशोधकाला ढगाकडे जावे लागत नाही, ढगच खिडकीशी येतो.

ब्रून यांचे बाजूला ठेवलेले आकडे आम्हांला फार ओळखीचे वाटले. मुक्ताईच्या चरित्रातली वीज आम्हीही अशीच बाजूला ठेवली होती. भाविकाला ती चमत्कार, चिकित्सकाला प्रक्षेप, आम्हांला रूपक. विजेला वीज म्हणणारे कोणीच नव्हते. त्या संशोधनातली आणखी एक नोंद आता आमच्या डोक्यातून जात नाही. हायड्रॉक्सिल घडवणारे ते सगळेच विद्युत्स्राव लखलखत नव्हते. त्यांतले पुष्कळसे डोळ्यांना दिसलेच नसते.