एल्रेड, संत
(१११०–१२ जानेवारी ११६७). इंग्लंडमधील सिस्टर्शियन मठाधिपती आणि ख्रिस्ती मैत्रीविचाराचा प्रमुख लेखक. जन्म हेक्सम येथे. स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड याच्या दरबारी काही काळ नोकरी करून तो यॉर्कशरमधील रीव्हो मठात दाखल झाला. ११४७ पासून मृत्यूपर्यंत तेथील मठाधिपती होता.

आध्यात्मिक मैत्री या लॅटिन ग्रंथामुळे त्याचे नाव टिकून आहे. ग्रंथाचे तीन भाग असून मांडणी संवादरूप आहे. सिसरोचा मैत्रीवरील ग्रंथ तो तरुणपणीच वाचून भारावला होता. पुढे बायबलच्या, विशेषतः योहानाच्या शुभवर्तमानाच्या प्रकाशात त्याने तोच विषय नव्याने मांडला. प्रेम सर्वांवर करावे, अगदी शत्रूवरही. पण मन मोकळे करायचे ते मोजक्यांपाशीच, हा भेद तो काटेकोरपणे पाळतो. मित्र आधी निवडावा, मग पारखावा, नंतर स्वीकारावा. एकदा स्वीकारल्यावर मात्र त्याचे दोष सोसावेत. गुपित फोडणे आणि पाठीमागून घाव घालणे यांना मात्र त्याच्याकडे क्षमा दिसत नाही. दोन मित्रांमध्ये ख्रिस्त हा तिसरा असतो, ही त्याची मूळ धारणा.

मठांमध्ये खास मैत्रीकडे संशयाने पाहण्याची रीत जुनी. त्यामुळे एल्रेडचे धाडस उठून दिसते. आजारपणात रोज वीस-तीस संन्यासी त्याच्या खाटेभोवती गप्पांना जमत, असे त्याचा चरित्रकार वॉल्टर डॅनियल सांगतो. अँग्लिकन चर्चही १२ जानेवारीस त्याचा स्मृतिदिन पाळते.