टपालाचा तोटा कोणी भरला?

टपाल खाते तोट्यात आहे, म्हणून ते नफ्याच्या तत्त्वावर चालवावे, असे म्हणणाऱ्यांचा हिशेब मला अपुरा वाटतो. जुन्या वहीतले एक पान त्यांनी उलटलेलेच नाही.

१८५४ पूर्वी पत्राचा दर अंतरावर ठरे. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाचे पत्र धाडायला रुपया पडे. असा रुपया साहेबाकडे किंवा सावकाराकडेच असायचा. १८५४ मध्ये पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते देशात कोठेही जावो, असा दर झाला. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले. जवळच्या पत्राने दूरच्या पत्राचा भार उचलावा, हे त्यातले तत्त्व. इंग्रजांना ते रयतेच्या कळवळ्याने सुचले नाही. त्यांना राज्य आणि व्यापार चालवायचा होता. तरीही पुढे ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) निघाले तेव्हा गरीब वाचकाला परवडेल असा टपालाचा रस्ता तयार होता.

पण त्याच काळात गावोगाव सरकारी कागद कोण पोचवीत होते? महार. चावडीचा निरोप, तालुक्याला जाणारा सारा, परगावची मयताची बातमी, सारे त्याच्या पायांवर. मोबदला म्हणजे वतनाचा तुकडा आणि बलुत्याची भाकरी. कामाला वेळकाळ नाही. एकाच्या नावचे काम, राबायचे मात्र साऱ्या घराने. माझे पणजोबा असेच कागद घेऊन मामलेदार कचेरीत जात. आत नव्हे, पायरीपर्यंत. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ते मंजूर झाले नाही. हे वतन गेले ते १९५८ च्या कायद्याने.

म्हणजे निरोप पोचविण्याचा तोटा तेव्हाही होताच. तो महाराच्या अंगावर टाकलेला होता, म्हणून सरकारच्या वहीत दिसला नाही. अनुदान हा शब्द त्याला कोणी लावला नाही; वेठीला तो लावतही नाहीत.

म्हणून अनुदान असावे की नसावे, या प्रश्नाआधी मी विचारतो : ते कोणाच्या खिशातून? आजही खेड्यातले टपाल मुख्यतः ग्रामीण डाकसेवक वाहतात. ते नागरी पद धारण करतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच म्हटले; तरी त्यांना खात्याचे नियमित कर्मचारी मानत नाहीत. मेहनताना तासांच्या हिशेबाने, नियमित कर्मचाऱ्याचे निवृत्तिवेतन नाही. तोटा कमी दाखविण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे. तो उघडपणे सरकारी तिजोरीतून भरावा, डाकसेवकाला पुरा पगार द्यावा आणि दर सर्वत्र सारखा ठेवावा, असे माझे मत आहे.

नफ्याची भाषा प्रत्यक्षात काय करते ते नुकतेच दिसले. १८ डिसेंबर २०२४ पासून छापील पुस्तकांसाठीचा स्वस्त नोंदणीकृत वर्ग बंद झाला. माझे विद्यार्थी फुले-आंबेडकरी पुस्तिका टपालानेच मागवतात, कारण त्यांच्या तालुक्यात पुस्तकाचे दुकान नाही. आता चारपाच जण मिळून एकच पुडके मागवतात आणि ते पाळीपाळीने वाचतात.